आधी सोमारीनं बोलायचं

दोन जिल्ह्यांतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटना एकेकाळी नावालाच होती. कुणी कुणाचा पेशंट पळवला, यावरच बोलण्याची गाडी फिरून यायची. आता मात्र वार्षिक सभेला वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंतचे सगळे आरमोरीत जमतात, जंगलातल्या गावांतून आणलेल्या लोकांचे मोतीबिंदू काढतात आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना मुकाट उभे राहतात. पेशंट बोलेपर्यंत डॉक्टरानं ब्र काढायचा नाही, हा संघटनेचा नियम. पूर्वी एका म्हाताऱ्याला सगळ्यांनी घेरून "दिसते ना?" असं विचारलं होतं. एवढ्या मोठ्या लोकांचं मन कशाला मोडायचं म्हणून, काही दिसत नसताना त्यानं मान डोलावली. त्या भिडेपायी बिचाऱ्याचा पुढचा उपचार लांबला.

डॉ. रंजीताला हा नियम कालपर्यंत फार आवडायचा. आज तिचा जीव टांगणीला लागला होता. तिची पेशंट सोमारी, हिला एकच डोळा उरला होता; दुसरा लहानपणीच काटा लागून गेलेला. असा पेशंट दरवर्षी सर्वांत ज्येष्ठ डॉ. भैयाजींकडे जायचा. काल मात्र हातमोजे घालता घालता ते थांबले.

"माझा हात आता पह्यलेसारखा राह्यला नाई," ते म्हणाले. "हे तू कर."

रंजीतानं सोमारीला तसं सांगून विचारलं. सोमारीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली, थोडा विचार केला आणि होकार दिला. ऑपरेशन झकास झालं असं रंजीताला वाटलं होतं, पण नुसत्या वाटण्याला काय अर्थ आहे?

सकाळी पट्टी सुटली. सोमारी डोळा मिचकावत बसून राहिली. खिडकीकडे वळली, छताकडे वळली, पण तोंडातून अवाक्षर नाही. रंजीतानं ओठ घट्ट दाबून धरले. मागे कुणीतरी खाकरलं, तर भैयाजींनी असं पाहिलं की त्याचा खोकला जागीच जिरला.

शेवटी सोमारीनं विचारलं, काल ऑपरेशन करणारी बाई कोणती. रंजीता पुढे झाली. सोमारीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तू त पोरगीच हायेस वो," ती म्हणाली. "काल दिसली असती त डोळ्याले हात नसता लावू देला."

खोलीत एकच हशा पिकला. बोलणी खाऊन इतका आनंद रंजीताला जन्मात झाला नव्हता.