पडद्याआडचं मत

मी मूळची बांद्याची. बापाचं बाजारात मसाल्याचं दुकान होतं, आणि बांद्याच्या बाजारात सांगितलेला पहिला भाव मुकाट्यानं देणाऱ्या गिऱ्हाइकाला लोक येडं समजतात. 'नाही' म्हणण्यात आमच्याकडे कुणाला काही वाटत नसे. तिथून लग्न होऊन मालवणच्या किनाऱ्यावरच्या या वाडीत आले आणि बघते तर हा शब्द इथे कुणाच्या तोंडातून फुटतच नाही. पुरुष एरवी मिशांना पीळ देऊन फिरतील, खवळलेल्या समुद्रात होडी घालतील, पण खुर्चीवरच्या माणसासमोर उभे केले की शेळपट. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे किळस यायला लागली.

याचं श्रेय नानांचं. नाना म्हणजे आमच्या रापण संघाचे अध्यक्ष, लाल बावट्याचे कॉम्रेड. रापण हे भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात सोडायचं आणि अख्ख्या वाडीनं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायचं, मिळेल त्या मासळीचे सारखे वाटे करायचे. हे वाटे नानांनी व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडवले, नवरा गेलेल्या बाईचाही वाटा चालू ठेवला, हे मी नाकारत नाही. माझ्या सासूला, गंगूला, तसाच वाटा मिळायचा. सासरे वादळात गेले तेव्हापासून ती टोपली घेऊन किनाऱ्यावर जायची आणि आपल्या हक्काचे बांगडे घेऊन यायची. कुणाच्या मेहेरबानीचं खात नाही, अगदी मुलाच्याही नाही, हा तिचा ताठा. माझा नवरा सुदेश रेडी बंदरात खनिज भरायच्या कामावर, त्यामुळे संघात त्याच्या जागी माझं नाव लागलेलं. दोन वाटे घरात यायचे, पण सासूचा वाटा सासू वेगळा ठेवायची. मला तिचा तो ताठा आवडायचा.

नानांची सभा मात्र बघवत नसे. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला मागणं सांगत जातो आणि बाकीचे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. नानांचा देवावर विश्वास नव्हता, पण पद्धत त्यांनी नेमकी तीच उचलली. ते ठराव वाचायचे आणि समोरून सगळे 'व्हय'. झाला मंजूर, सर्वानुमते. अठ्ठ्याण्णव साली सत्यवान नावाचा एक रापणकर चुकून 'ह्यां बरा नाय' असं म्हणून गेला. पुढचं वर्षभर त्याला कुणी जाळ्याच्या दोरीला हात लावू दिला नाही. तो घरात नानांना काय काय शिव्या देतो, हे त्याच्या सख्ख्या चुलतभावानं आधीच जाऊन सांगितलं होतं. तिकडे रशिया कोसळून किती वर्षं झाली, पण आमच्या वाडीतला रशिया दोन हजार चारपर्यंत टिकला.

मग तोही पडला. तरण्या पोरांना इंजिनाच्या होड्या हव्या होत्या आणि नाना त्या येऊ देत नव्हते. मुंबईहून परतलेल्या गुरुदासनं पोरांना हाताशी धरलं, तालुक्याच्या साहेबांना भेटला, निवडणूक लावून घेतली आणि निवडून आला. त्या दिवशी बावटा उतरवून त्यावर नाचणारे कोण होते? कालपर्यंत नानांच्या चपला सरळ करून ठेवणारे. गुरुदास भाषणाला उभा राहिला. पांढरे कपडे, हातात माइक. म्हणाला, "हुकूमशाही संपली. आजपासून प्रत्येकानं स्वतःच्या डोक्यानं विचार करायचा." आणि समोरून सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय." मी फिसकन हसले. सासूनं मला चिमटा काढला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी इथे डोळ्यांनी बघितलं. नानांचा बावटा गेला, सभेची तऱ्हा तीच राहिली. गुरुदास येण्याआधी खुर्ची पुसायची, तो हसला की हसायचं. शिव्यासुद्धा त्याला विचारून द्यायच्या, आणि त्या नानांनाच द्यायच्या. त्यातही संध्याकाळी दोन घोट पोटात गेले की हीच मंडळी कुजबुजायची, "नाना होतो तेवा शिस्त होती रे." मोकळं सोडलेलं यांना सोसत नव्हतं, दुसरं काय.

दोन हजार सातमध्ये गुरुदासनं एक हॉटेलवाला आणला. संघाची माडाखालची जागा त्याला भाड्यानं द्यायची. त्याच जागेत रापण ठेवतात, तिथूनच ती ओढायला माणसं उभी राहतात. जागा गेली की रापण बंद, रापण बंद की वाटे बंद. पोरांकडे इंजिनाच्या होड्या होत्या, त्यांना काय? हॉटेलात घरटी एक नोकरी मिळणार, असं गुरुदास सांगत होता. पण गंगूला हॉटेलात कोण नोकरी देणार? तिच्या त्या टोपलीत काही पडायचं ते फक्त रापणीतून.

आठ दिवस बायका मासे साफ करताना गुरुदासचा उद्धार करत होत्या. सगळ्यात मोठा आवाज माझ्या सासूचा. "तेचा वाटोळा होवचा! माझ्या घोवाचो वाटो तो, ह्या मेल्याचो न्हय." मला वाटलं, चला, एकदाचं यांच्या तोंडातून काहीतरी फुटलं.

मतदान शाळेच्या वर्गात होतं. गुरुदास लोकशाहीवाला ना, त्यानं कोपऱ्यात एक चादर बांधून पडदा केला होता. पडद्याआड टेबल, टेबलावर दोरीनं बांधलेली पेन्सिल. प्रत्येकानं कागद घेऊन आत जायचं, 'हो' नाहीतर 'नाही'समोर फुली मारायची, घडी करून पेटीत टाकायचा. पेटीशेजारी खुर्ची टाकून गुरुदास स्वतः बसला होता. "मत गुप्त आहे, बिनधास्त द्या," तो म्हणाला.

पहिला बाबली उठला. त्यानं कागद घेतला, पडद्याकडे बघितलं, मग गुरुदासकडे बघितलं. आणि पडद्याकडे न जाता तिथंच खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून स्वतःच्या खिशातल्या पेनानं 'हो'वर फुली मारली. उघडा कागद गुरुदाससमोर धरला, मग घडी केली. त्याच्यामागून निलेशनं तेच केलं, काशीबाईनंही तेच. बाबलीचं पेन या हातातून त्या हातात फिरू लागलं. पडद्याकडे कुणी फिरकेना. मला आधी कळेचना, मग लख्ख कळलं. ज्याला 'हो' म्हणायचंय त्याला लपायची गरज काय? म्हणजे जो लपेल तो 'नाही'वाला. लपण्याची सोय करून दिली, तर या शहाण्यांनी तिचाच सापळा केला. गुरुदासनं ते सांगितलंही नव्हतं. तीस वर्षांत हे त्यांच्या हाडात मुरलं होतं, सांगायची गरजच राहिली नव्हती.

नानांची पाळी आली. म्हातारा काठी टेकत उठला, सगळ्यांना दिसेल असा कागद धरून 'नाही'वर फुली मारली आणि वर्गाकडे वळून उभा राहिला. त्याला वाटलं, आता लोक आपल्यामागे येतील. कोण येतंय? सगळे गुरुदासचं तोंड बघत होते. मला नानांची दया आली नाही. खुर्चीकडे बघायला यांना त्यांनीच शिकवलं होतं, आणि खुर्चीत आता ते नव्हते.

मी पडद्याआड गेले. पाठीवर सगळ्यांच्या नजरा टोचत होत्या. 'नाही'वर फुली मारली, कागदाची दाबून घडी केली, बाहेर येऊन तो पेटीत टाकला. परत जागेवर बसले तेव्हा माझ्या बाजूची सुशीला थोडी पलीकडे सरकली.

मग माझी सासू उठली. मी मनात म्हटलं, आये, जा गो आत. तिनं बाबलीचं पेन मागून घेतलं. अक्षर येत नव्हतं, म्हणून 'हो' खंय आसा ते गुरुदासलाच विचारलं. त्यानं बोटानं दाखवलं. तिनं तिथं फुली मारली.

मोजणी झाली. दोन 'नाही', बाकी सगळे 'हो'. गुरुदास हसत म्हणाला, "एक तर नानांचं. दुसरं कुणाचं म्हणे? रागावणार नाही हां, लोकशाही आहे. सहज विचारतोय." ज्याला त्याला भीती की संशय आपल्यावर यायचा. सगळ्यांनी मला आत जाताना बघितलं होतं, पण नाव घ्यायची पहिली पाळी कुणाला नको होती.

माझी सासू उभी राहिली. "माझ्या सुनेन घातल्यान तां," ती म्हणाली. "माजो तेच्यात काय एक संबंध नाय."

वर्गानं हुश्श केलं. गुरुदास म्हणाला, "शाब्बास गंगूबाई, असा प्रामाणिकपणा पाहिजे." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, देवाशप्पथ टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना रस्त्यात मी तिला अडवलं. "आये, तुजो वाटो गेलो. तुका कळता काय तू काय केलंस ता?"

"कळता गो."

"मग?"

"दुसऱ्यान कोणी सांगल्यान असता तर अख्ख्या घराचा नाव झाला असता. आपणच सांगलेला बरा." मला समजावावं तसं ती म्हणाली. तिच्या तोंडावर कसलीच लाज नव्हती. आपण घर वाचवलं, असंच तिला वाटत होतं.

दिवाळीआधी माडाखाली कुंपण पडलं. रापण गुंडाळून शाळेच्या मागे टाकली. हॉटेलातली नोकरी आमच्या घराला मिळाली नाही, माझ्यामुळेच. सुदेशच्या पगारावर आणि मी कट्टा गावच्या बाजारात विकते त्या मासळीवर घर चालू लागलं. सासू आता माझ्या हातचं, माझ्या कमाईचं जेवते.

बारा वर्षं या बाईनं माझ्या आमटीला कधी बरं म्हटलं नव्हतं. खोबरं जाड वाटलंस, तिरफळं विसरलीस, बांद्याच्यांका माशाची चव काय कळता. मी तिच्याशी भांडायची, आणि ते भांडण मला हवंहवंसं वाटायचं. आता मी ताट वाढते आणि ती खाली मान घालून जेवते. जास्त हवं का विचारलं तर आधी माझ्या तोंडाकडे बघते, मला काय हवंय ते शोधते, मग उत्तर देते.

परवा मी आमटीत मीठच घातलं नाही. मुद्दाम. समोर बसून राहिले. म्हटलं, आज तरी बोल, माझी आई काढ, ताट भिरकाव. तिनं पहिला घास घेतला, थांबली, वर बघितलं. मी विचारलं, "कशी झाली गो आये?"

"बरी झाली," ती म्हणाली, आणि सगळी आमटी संपवली.