गाडी गार होईपर्यंत

अथर्वने टोरांटोहून फोनवर सांगितलेली युक्ती अगदी सोपी होती. गिऱ्हाईक यायच्या आधी पिकअप पाऊण तास फिरवून आणायची. गिअरबॉक्सचं दुखणं गाडी थंड असतानाच दिसतं. एकदा तापली की ती शहाण्या मुलीसारखी वागते. कुणी विचारलंच तर ‘नो बॉदर’, काही त्रास नाही, म्हणायचं आणि किल्ली द्यायची.

निहारिका "बरं" म्हणाली. गेले चौदा महिने ती सगळ्यालाच बरं म्हणत होती.

अथर्व हा तिचा नवरा. कागदोपत्री अजून नवराच. चौदा महिन्यांपूर्वी तो परदेशातल्या या ल्यूकन गावातलं घर, ही पिकअप आणि बायको अशा तिन्ही गोष्टी जागच्या जागी ठेवून निघून गेला. मेला असता तर मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या असत्या, कुणी रात्री सोबतीला राहिलं असतं. पण नवरा टाकून गेला, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? तिने सांगितलंच नाही. चेरीवूडच्या ऑफिसात, मंडळात, अगदी नाशिकला आईलाही एकच उत्तर: कामासाठी कॅनडाला गेलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग कुणी घरी आलं तर मूठ उघडायची, म्हणून तिने माणसं बोलवायचंच सोडून दिलं. रडू आलं नाही. रागही आला नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं आत काहीतरी झालं होतं आणि उतरायचं नाव घेत नव्हतं.

पिकअप अथर्वची हौस. शनिवार-रविवार समुद्रकाठी तंबू ठोकून राहायचं म्हणून त्याने ती घेतली. तंबू एकदाही ठोकला नाही. मित्राची बोट ओढून ओढून गिअरबॉक्सची मात्र वाट लावली. आता ती दारात उभी होती, आणि रोज सकाळी पडदा सारला की आधी तीच दिसायची. निहारिकाला ती फक्त डोळ्यांसमोरून जायला हवी होती.

शनिवारी साडेनऊला तिने गाडी सुरू केली. गिअरचा दांडा ‘डी’वर ओढला. दोन सेकंद काहीच नाही, मग मागून लाथ बसावी तसा दणका. दुसऱ्या गिअरचा तिसरा पडताना इंजिन नुसतं बोंबललं आणि गाडी जागेवर रेंगाळली, मग हिसका देऊन पुढे गेली. एम फिफ्टी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं झाल्यावर सगळं लोण्यासारखं. सव्वादहाला तिने गाडी परत दारात आणून लावली. आपण लोकांना फसवणार आहोत, याचं काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

साडेदहाला राजस आला, स्वोर्ड्सहून. सहा वर्षांपूर्वी शिकायला आलेला, मग नोकरीला लागलेला. आता नोकरी सोडून बागा लावायचा, कुंपणं घालायचा धंदा सुरू करणार होता. बायको ईशानी सात महिन्यांची गरोदर. साठवलेलं सगळं या गाडीत घालणार होता. हे त्याने दारात उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. सरळ माणसांना एवढीही अक्कल नसते. सोबत त्याचे वडील होते, गुरुनाथ. सुनेच्या बाळंतपणासाठी इस्लामपूरहून आलेले. एसटीच्या डेपोत पस्तीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस, मुलाच्या जाकिटाच्या बाह्या दुमडून उभा होता.

राजस वस्तीला एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, एकदम ग्रँड आहे. गुरुनाथ गाडीत बसलेच नव्हते. गाडी थांबल्यावर त्यांनी पोराचा ताप बघतात तसा बॉनेटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग राजसकडे वळून म्हणाले, एका चकरेत एवढी तापत नाही, चक्कर मारायच्या आधीच हात लावून बघायला पाहिजे होता. निहारिकाला त्यांनी विचारलं, आज गाडी बाहेर काढली होती का.

"नाही," ती म्हणाली. "कालपासून इथेच उभी होती."

खोटं किती सहज निघालं. गुरुनाथांनी मान डोलावली, राजसला बॉनेट उघडून ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "ताई, च्या मिळंल का?"

चहा! आपल्या माणसाने चहा मागितला आणि नाही म्हटलं, असं कुठे होतं का? पण घरात दूध नव्हतं. ती काळी कॉफी पिऊन जगत होती. कपाटातल्या साखरेचा दगड झाला होता; तो चमच्याने फोडावा लागला. राजस दूध आणायला गेला. गुरुनाथ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि विचारायला लागले. ऑटोमॅटिकातलं आपल्याला फारसं कळत नाही, पण दुखणं ते दुखणंच, असं म्हणून त्यांनी एकेक धागा ओढायला सुरुवात केली. सकाळी पहिल्यांदा कशी चालते? रिव्हर्स पडायला वेळ लागतो का? गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं? मागे कधी वजन ओढलं होतं? तिने सगळ्याला नाही, नाही, काही त्रास नाही असं सांगितलं. मालक कुठं असतात? कामासाठी कॅनडाला. ते प्रत्येक वेळी नुसतं "बरं" म्हणाले.

दोन कप चहा झाला तरी ते उठले नाहीत. डेपोतल्या गोष्टी सांगत बसले. बारा वाजले. पोहे आहेत का, असं त्यांनीच विचारलं. डब्याच्या तळाशी निघाले. तिने कांदा चिरला, फोडणी केली. या टेबलाशी चौदा महिन्यांत दुसरं ताट लागलं नव्हतं. गुरुनाथांनी मीठ कमी पडलंय असं तोंडावर सांगितलं आणि परत वाढून घेतलं. राजसची चुळबुळ चालली होती. ईशानी घरी एकटी होती. शेवटी त्याने विचारलंच, आप्पा, निघूया का?

"गाडी गार हुंद्या," गुरुनाथ म्हणाले. तिच्यासमोरच म्हणाले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. निहारिकाच्या मनात चांदणं नव्हतं, अंधारही नव्हता. यांना कळलंय, एवढं तिला समजलं, आणि तिने उठून ताटल्या धुतल्या.

दीड वाजता ते बाहेर गेले. इंजिनावर हात ठेवला, समाधान झालं, आणि किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली निहारिकाच्या मुठीत होती. दोन पावलांवर राजस ईशानीशी फोनवर बोलत होता. गाडी पक्की केली म्हणत होता, दरवाजावर धंद्याचं नाव कोणत्या रंगात घालायचं ते विचारत होता. मग तो हसून म्हणाला, "अगं, कशाला काळजी करतेस? ताई आपल्यातल्याच आहेत."

निहारिकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"काका, सकाळी मी ही पाऊण तास फिरवून आणली," ती म्हणाली. "मुद्दाम. थंड असली की दणका देते, दुसऱ्याचा तिसरा पडताना घसरते. मला माहीत होतं."

 गुरुनाथांचा हात तसाच पुढे होता. आणि कुणी विचारलं नसताना तिच्या तोंडून पुढचं निघालं.

"आणि माझा नवरा कामाला गेलेला नाही. मला सोडून गेलाय. चौदा महिने झाले."

राजसने कानावरचा फोन खाली घेतला. तो तिच्याकडे बघत राहिला आणि तिला लाज वाटली. पोटापासून कपाळापर्यंत, कुठे तोंड लपवू अशी लाज वाटली. इतक्या महिन्यांत तिला वाटलेली ती पहिली गोष्ट, आणि ती भयंकर होती.

गुरुनाथांनी तिच्या मुठीतून किल्ली काढून घेतली. कबुली ऐकली तरी तक्रार स्वतः बघायची, ही डेपोची रीत. गाडीने दणका दिला. वस्तीच्या तोंडापर्यंत जाऊन येईतो ती दोनदा घसरली. इंजिनाची बोंब दारापर्यंत ऐकू आली. मग त्यांनी गिअरबॉक्सची तेलाची पट्टी ओढली, तेल बोटांवर चोळलं, हुंगलं आणि राजसच्या नाकाला लावलं. लालसर असायला हवं होतं, ते काळपट होतं. तेल जळलंय, आतल्या प्लेटा झिजल्यात, खोलल्याशिवाय इलाज नाही, असं त्यांनी सांगितलं. ही घ्यायची नाही.

राजस आपल्या गाडीत जाऊन बसला. त्याचं बरोबरच होतं. गुरुनाथ पट्टी पुसून जागेवर घालत होते.

"तुम्हाला आल्या आल्याच कळलं होतं ना?" निहारिकाने विचारलं. "मग तीन तास का बसलात?"

"मी लबाडी धरली असती, तर तू चोर ठरली असतीस, पोरी," ते म्हणाले. "तू सांगितलंस. आता न्हाईस."

त्यांनी जाकिटाच्या बाह्या सारख्या केल्या आणि गेले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत निहारिका उभी राहिली. मग ती बॉनेट लावायला गेली आणि तिथेच, दोन्ही हात गार पत्र्यावर टेकून, मोठ्याने रडू लागली. समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा डबा बाहेर आणता आणता थांबली, रस्ता ओलांडून आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. निहारिकाने तिलाही खरं ते सांगितलं.