चाळीचा पाया

"आई, तू गाडीतच बस. लगेच निघायचंय," माधव म्हणाला.

दुर्गाबाईंनी तोवर दार उघडून पाय खाली टाकलाही होता. पेपरात चाळ सापडल्याची बातमी आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, की मला घेऊन चल.

छाणीकडची कापडगिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आता तिथं मॉल व्हायचा होता. त्याआधी विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या डॉ. पूर्णिमा यांनी गिरणीमागची जागा खणली आणि भरावाखालून कामगारांची चाळ वर आली. गुडघाभर भिंती, उंबरे, मोऱ्या. चाळ ठेवायची की सपाट करायची, हे ठरवायला सरकारी अधिकारी जयसिंगराव आज आले होते.

माधवला तिथं थांबायचं नव्हतं. वडील गिरणीत ऑफिसर होते, असं त्यानं गोत्री भागातल्या आपल्या सोसायटीत सांगून ठेवलं होतं. आणि त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे प्रतापसिंहरावच बिल्डरचे मॅनेजर म्हणून समोर उभे होते.

"गोदामं होती साहेब ही," ते जयसिंगरावांना सांगत होते. "एवढ्याशा जागेत माणसं राहतील का?"

"प्रत्येक खोलीत चूल आहे," पूर्णिमा म्हणाल्या. "आणि बाहेर बघा, माती ओळीनं भाजलेली आहे. इथं कधीतरी सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र झालेला दिसतो."

दुर्गाबाई चार पावलं पुढे आल्या. या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते मातीत वाचलं होतं.

"संपात," त्या म्हणाल्या. सगळे वळले. "संपात सगळ्या चाळीचा शिधा गोळा करून आम्ही तिथं रांधत होतो. कुणाचंही पोर उपाशी निजलं नाही."

प्रतापसिंहराव गोंधळले. "काकू, तुम्ही? तुम्ही इथं कशा?"

"आई, चल ना," माधव हळूच म्हणाला.

त्यांनी लेकाकडे पाहिलं. मग पूर्णिमांचा हात धरून मातीत कोरलेल्या पायऱ्या उतरल्या आणि एका खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

"ही माझी खोली. मी गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. हा माधव इथंच जन्मला."

दोरीपलीकडे जुनी बरीच मंडळी बातमी वाचून जमली होती. त्यातून जुने शेजारी रमणभाई काठी टेकत पुढे आले. "दुर्गाबेन, ऊभां रहो. हूं पण आवुं छुं." थांबा, मीही येतो, असं म्हणत ते उतरले आणि शेजारच्या खोलीत उभे राहिले. मग शालिनी उतरली, तिच्यामागून तिच्या जावा, पलीकडचे पिलाजीराव. आपली खोली कुणाला शोधावी लागली नाही. बघता बघता सगळी चाळ भरली. भिंतींवरून हाका सुरू झाल्या. कुणीतरी पलीकडच्या खोलीत विरजण मागितलं आणि हशा पिकला.

शेवटी माधव उतरला. आईशेजारी उभा राहून त्यानं वर पाहिलं.

"प्रतापसिंहराव, माझे वडील ऑफिसर नव्हते. साच्यावर कापड विणायचे."

बोलून झाल्यावर त्याला मोकळं वाटलं. दुर्गाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

जयसिंगराव खाली आले. भिंत ओलांडायला त्यांनी पाय उचलला, तशा दुर्गाबाई म्हणाल्या, "साहेब, भिंतीवरून नको. दार तिकडं आहे."

ते थबकले, वळसा घालून दाराशी आले. बूट काढून, उंबरा ओलांडून आत आले. क्षणभर त्यांनी चुलीच्या काळ्या विटांकडे पाहिलं.

"मॉल पुढं, गिरणीच्या जागेत बांधा," त्यांनी प्रतापसिंहरावांना सांगितलं. "ही चाळ राहील. मी आजच तसं कळवतो."

चाळीभर गलका उठला. रमणभाई काठीनं भिंत बडवू लागले.

दुर्गाबाईंनी पदरानं जमीन झटकली. "बसा ना," त्या म्हणाल्या.

आणि जयसिंगराव कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी त्या मातीत मांडी घालून बसले.