शेंदराखालचा नंबर

मित्रांनो, माझ्याजवळ येताना हात खिशातून बाहेर काढून या. मी रामाकोना गावच्या दादाजींचा लाल ट्रॅक्टर आहे. वयाने सतरा वर्षांचा आणि स्वभावाने संशयी. हा स्वभाव मी कारखान्यातून घेऊन आलो नव्हतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. माझे मालक दादाजी सकाळचा चहासुद्धा आधी हुंगतात आणि मगच पितात.

कारखान्यात माझ्या अंगावर एक लहानशी धातूची पट्टी ठोकली आणि तिच्यावर माझा चेसिस नंबर कोरला. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखाच तो, जगात दुसऱ्या कुणाचा नसतो. मला त्याचा फार अभिमान वाटे. पुढे याच नंबरापायी एका सरळ माणसाची अब्रू पणाला लागली. आज तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

पांढुर्ण्याच्या दुकानातून मला घरी आणताना दादाजी माझ्याभोवती तीनदा फिरले होते. टायर ठोकून पाहिले, बॉनेट उघडून वास घेतला आणि दुकानदाराला विचारले, "वापरलेला तं नाई ना जी?" मी कोरा करकरीत उभा होतो! तेव्हाच मी ओळखले, की या घरात खरेपणाची परीक्षा रोज द्यावी लागणार.

ती परीक्षा माझ्यापेक्षा सुखदेवने जास्त दिली. सुखदेव म्हणजे माझा चालक. गावातल्या बुद्धविहारामागे त्याचे घर. पहिल्या दिवसापासून माझे स्टिअरिंग त्याच्याच हातात होते. कपाशीची नांगरणी असो की संत्र्याच्या बागेतली फवारणी, त्याने मला कधी दुखावले नाही. संत्र्याची फांदी खाली आलेली दिसली की आधी स्वतः मान वाकवायचा, पण फांदी मोडू द्यायचा नाही. लोक म्हणत, "ट्रॅक्टर असावा तं दादाजीचा." कौतुक माझे व्हायचे, पण त्यातले निम्मे त्याचे होते.

दादाजी मात्र रोज संध्याकाळी माझ्या टाकीत काडी घालून डिझेल मोजत. रोज बरोबर भरे. एखाद्याला बरे वाटले असते. दादाजी काडी पुसत पुटपुटत, "रोज रोज बरोबर कसं येते बावा?"

दादाजींच्या पत्नी देवकाबाई यांचा स्वभाव अगदी उलटा. दर दसऱ्याला त्या जामसावळीच्या मारुतीचा शेंदूर तेलात कालवून मला लावत. लावायला सपाट जागा हवी म्हणून नेमका त्या पट्टीवर. दरवर्षी एक थर चढे. दहा-बारा दसऱ्यांनंतर पट्टी कुठली आणि नंबर कुठला, काही दिसेना. मला त्याची खंत नव्हती. देवाच्या शेंदराखाली नंबर सुरक्षित आहे, असेच मी समजत होतो.

तीन वर्षांपूर्वी घरी पांढरी पिकअप आली. दादाजींचा मुलगा गजेंद्र ती चालवतो. तिला टिनाच्या शेडमध्ये जागा मिळाली आणि मला मागे कडुनिंबाखाली फाटकी ताडपत्री पांघरून उभे केले. खरे सांगतो, मला ती आवडली नाही. एवढा गोड हॉर्न वाजवणारी गाडी मनाने सरळ असेल, यावर माझा विश्वास बसेना. शिवाय तिचा विमा होता. माझा कधीचाच संपला होता आणि कुणाला आठवतही नव्हता.

गेल्या वर्षी तिचा विमा पुढे चालू करायला सौंसरहून वीरेंद्र नावाचा एजंट आला. त्याच्या बॅगेला तीन चेनी होत्या. तीन चेनींची बॅग कशाला लागते माणसाला? दादाजी आणि मी, दोघेही त्या बॅगेकडे टक लावून पाहत होतो.

वीरेंद्र म्हणाला, "भाऊ, पिकअपचा विमा हाय, न ट्रॅक्टर तसाच उभा? उद्या वावधान आलं, आग लागली, चोरी झाली तं?"

चोरीचे नाव काढल्यावर दादाजी तयार झाले. आता वीरेंद्रला माझा चेसिस नंबर हवा होता. तो पट्टीजवळ वाकला आणि खिशातून चाकू काढला. देवकाबाई ओसरीवरून ओरडल्या, "देवाचा शेंदूर खरवडून राहिले का जी? हात नका लावू!"

"मंग आरसीचं कार्ड दाखवा, भाऊ. मोबाइलवर पूर्ण नंबर दिसत नाई."

कार्ड दाखवायचे? दादाजींच्या कपाळावर आठी पडली. त्यांचे कागद लोखंडी पेटीत असतात आणि पेटीतला कागद आजवर परक्याच्या हाती गेलेला नाही. ते म्हणाले, "मी आतून वाचतो. सुखदेव, तू दारात उभा राहून लिव, न त्याले दे."

मित्रांनो, पुढचे नीट ऐका. दादाजी आत गेले. एका हाताने पेटीचे झाकण धरले, दुसऱ्या हातात कार्ड. चष्मा ओसरीवरच्या खुंटीला होता. तो आणायला जायचे तर पेटी उघडी राहणार! म्हणून ते तसेच डोळे बारीक करून वाचू लागले. शेवटचे तीन आकडे मी माझ्या कानांनी ऐकले. "चार... आठ... एक." सुखदेवने तेच लिहिले. माझ्या पट्टीवर चार, तीन, एक आहे. मी कळवळून ओरडलो असतो, पण किल्ली फिरवल्याशिवाय मला आवाज कुठून येणार?

विमा झाला. सगळे निर्धास्त झाले. मी नाही.

या वैशाखात एका दुपारी असे वावधान सुटले, की शेडचे टिन कागदासारखे उडाले आणि कडुनिंबाची मोठी फांदी माझ्यावर कोसळली. बॉनेट चेपले, रेडिएटर फुटला, स्टिअरिंग वाकडे झाले. पिकअप तेव्हा लोधीखेड्याला गेली होती म्हणून वाचली. सुखदेव वाऱ्यातच धावत आला. माझी अवस्था पाहून तो गमछा तोंडाला लावून रडला. पेरणी तोंडावर होती. पण देवकाबाई म्हणाल्या, "विमा हाय ना, होईन दुरुस्त."

आठवडाभरात विमा कंपनीचा सर्वेक्षक छिंदवाड्याहून आला. अंगणात शेजारपाजारचे पंधरा-वीस जण जमले. त्याने माझे फोटो काढले आणि नंबर पाहायला वाकला. या वेळी देवकाबाईंनी मारुतीची क्षमा मागून स्वतःच रॉकेलचा बोळा दिला. शेंदराचे थर निघाले आणि कित्येक वर्षांनी माझ्या नंबराला ऊन लागले. सर्वेक्षकाने एकदा पट्टी पाहिली, एकदा कागद पाहिला.

"कागजवाला ट्रॅक्टर ये नहीं है, दादाजी," तो म्हणाला. "नंबर अलग है. पट्टी पे तीन है, कागज पे आठ."

दादाजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मी त्यांच्या डोक्यातली चक्रे फिरताना पाहत होतो. सुखदेवचा साळा लोधीखेड्याला राहतो. त्याच्याकडे माझ्याच कंपनीचा, माझ्याच रंगाचा ट्रॅक्टर आहे. झाले! संशयाला एवढा टेकू पुरे होता.

"सुखदेव," दादाजी सगळ्यांदेखत गरजले, "साळ्याचा नंबर लिवला तू! पैसे माहे न विमा त्याचा? सतरा वर्षं माह्या घरचं खाऊन चोरी केली?"

सुखदेव म्हणाला, "भाऊ, तुमी बोलले तेच मी लिवलं."

"मी आठ म्हणलं? माह्या ट्रॅक्टरचा नंबर मले ठाऊक नाई?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझी किल्ली सुखदेवने मडगार्डवर ठेवली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. त्या दिवशी मला फांदीचा मार हलका वाटला. मला सारे ठाऊक होते आणि मी एक शब्द बोलू शकत नव्हतो.

गावात कुजबुज सुरू झाली. दोन ठिकाणी सुखदेव कामाला गेला, तर तिथल्या मालकांनी "सध्या काम नाई" म्हणून सांगितले. गजेंद्र स्वतः लोधीखेड्याला जाऊन साळ्याच्या ट्रॅक्टरचा नंबर पाहून आला. तो पूर्ण वेगळा निघाला. दादाजी म्हणाले, "बदलला असन." आता चेसिस नंबर म्हणजे काय बनियन आहे, रोज बदलायला? पण साप म्हणून भुई धोपटायची ठरवली की काठी थांबत नाही.

देवकाबाई चार दिवस गप्प होत्या. आकडे वाचले त्या दिवशी चष्मा खुंटीलाच होता, हे त्यांनी ओसरीवरून पाहिले होते; पण नवऱ्याला चारचौघांत खोटे कसे पाडायचे, म्हणून गप्प होत्या. पाचव्या दिवशी त्यांच्या जेवणाचे ताट तसेच राहिले. त्यांनी गजेंद्रला पाठवून सुखदेवला बोलावले. तो आला, पण फाटकाच्या आत पाऊल टाकेना. देवकाबाईंनी पेटीतून कार्ड काढले आणि सरळ अंगणात आणले. दादाजी दचकून उभे राहिले.

"घ्या," त्या म्हणाल्या. "वाचा बरं शेवटचे आकडे. त्या दिवशी वाचले तसेच, मोठ्यानं."

दादाजींना वाटले, आपला खरेपणा सिद्ध होणार. त्यांनी कार्ड हातात धरले, डोळे बारीक केले आणि ठसक्यात वाचले, "चार... आठ... एक!"

म्हटले आणि थांबले. स्वतःच्या तोंडून निघालेला आठ त्यांच्या कानावर आदळला होता. देवकाबाईंनी पदराआडून चष्मा काढून पुढे केला. दादाजींनी तो घातला.

"तीन हाय," ते हळूच म्हणाले. मग फाटकाकडे पाहत म्हणाले, "ये ना सुखदेव. आत ये. चहा ठेवते ते."

"चहा राहू द्या, भाऊ," सुखदेव म्हणाला. "चोर म्हणलं तवा समदं अंगण भरलं होतं. आज तुमी, मी, वहिनी न गजूभाऊ. हे कोण ऐकन?" आणि तो वळला.

पुढचे काम सोपे होते. वीरेंद्रने कार्ड, इंजिन नंबर आणि जुनी खरेदीची पावती नेऊन कंपनीत दाखवली. चूक दुरुस्त झाली आणि विमा मंजूर झाला. त्याच्या तीन चेनींच्या बॅगेत फक्त कागद, पेन आणि एक डबा होता, हेही मला तेव्हाच कळले. मी त्याच्यावर उगाच संशय घेतला होता.

सौंसरच्या गॅरेजमधून मी परत आलो तेव्हा देवकाबाईंनी नारळ ठेवला होता. तेच शेजारी पुन्हा जमले. सुखदेवही दूर रस्त्यावर उभा होता. दादाजींनीच निरोप धाडून बोलावले होते त्याला. दादाजींनी नारळ हातात घेतला, पण फोडला नाही.

"नंबर मी चुकलो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "चष्मा न लावता वाचलं. सुखदेवनं मी बोललो तेच लिवलं. त्यानं चोरी नाई केली. चूक माही हाय."

माझ्या सतरा वर्षांत मी दादाजींना कुणापुढे मान खाली घालताना पाहिले नव्हते. मला त्यांची दया आली आणि अभिमानही वाटला. सुखदेव जवळ आला. त्याने माझ्या नव्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला.

"ऐकलं भाऊ. आता मनात काई नाई," तो म्हणाला. "पण मले साळ्यानं ट्रॅक्टरवर ठेवलं. सोमवारपासून जाऊन राहिलो. गजूभाऊ, याचा क्लच हळू सोडत जा. दणका सहन होत नाई त्याले."

मित्रांनो, माझा विमा आता पक्का आहे. देवकाबाई शेंदूर लावतात, पण पट्टी सोडून बॉनेटवर लावतात. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल, पिकअप असेल, तर विमा वेळेवर काढा. नंबर पुसून स्वच्छ ठेवा, कागद उजेडात आणून चष्म्याने वाचा. आणि शंका आलीच, तर आधी ती स्वतःच्या डोळ्यांवर घ्या, दुसऱ्याच्या मनावर नंतर. माझे चेपलेले बॉनेट आठ दिवसांत सरळ झाले. गजेंद्र मला चांगलेच चालवतो, क्लचही हळू सोडतो. दादाजींनी डिझेलची काडी मोडून चुलीत टाकली. सुखदेव मात्र परत आला नाही.