इंजिनासाठी एकादशी

“पळा! अहो, अजून पळा!” सुहासिनी मागून ओरडत होती आणि तिचे यजमान, पुरुषोत्तम दांडेकर, पाठीवर घरघरतं इंजिन घेऊन कापणी झालेल्या मक्याच्या शेतातून जिवाच्या आकांताने पळत होते. डोक्यावर पॅराशूट छान फुललं होतं. पाय तेवढे जमीन सोडायला तयार नव्हते. शेवटी कुंपण आलं आणि दांडेकर धापा टाकत खाली बसले.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल होतं. पाठीला मोटर बांधून पॅराशूटने उडायचं हे खूळ तेव्हा अगदी नवं होतं, जो तो आपापल्या गॅरेजमध्ये खटपट करत होता. अमेरिकेत पार्सिपनीतल्या एका कंपनीत पंपांची ड्रॉइंग काढणाऱ्या दांडेकरांनी कुठल्याशा मासिकात एक फोटो पाहिला आणि या माणसाचं स्वास्थ्यच गेलं. जेवतानासुद्धा टेबलाखाली पाय हलायचे. गाडी बर्फात उभी आणि गॅरेजमध्ये झाडं कापायच्या करवतीचं इंजिन!

ते इंजिन कमी पडत होतं आणि त्याहून मोठं पाठीला पेलवत नव्हतं. तेव्हा माणूसच हलका करायचा ठरलं. कधी देवाला हात न जोडणारे दांडेकर एकादशी, चतुर्थी, सोमवार, सगळं धरू लागले. पण उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आली, दाण्याचं कूट आलं, तुपातले बटाटे आले. वजन वाढलं. बरं, हे सांगायचं कुणाला!

“अजून एकदा,” दांडेकर उठत म्हणाले.

“अहो, मी ट्राय करू का?”

“वेड लागलंय का तुला?”

“टेकडीवरून नुसत्या पॅराशूटने तुमच्याइतकंच ग्लाइड केलंय मी. आणि माझं वजन तुमच्या निम्मं आहे. सिंपल आहे!”

हिशेब बरोबर होता. दांडेकरांनी इंजिन तिच्या पाठीवर चढवलं आणि दोरी ओढून ते सुरू केलं. सुहासिनी जरा धडपडली, मग पळाली, आणि कुंपणाच्या बरंच अलीकडे तिच्या पायांनी जमीन सोडली.

“कमी कर! थ्रॉटल कमी कर!” दांडेकर खालून धावत होते. तिला काही झालं तर, अशी धास्ती वाटत होती. आणि हेवाही वाटत होता, लाज वाटावी इतका. तिथे वर आपण असायला हवं होतं.

शेतापलीकडच्या तळ्यावरून वळून ती परत आली आणि गुडघ्यांवर उतरली.

“लागलं?”

“नाही हो.”

“कसं होतं?”

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरलं. “काही विशेष नाही. थंडी फार आहे वर.”

इतक्या वर्षांच्या संसारात तिला खोटं बोलायला जमलं नव्हतं.

“खरं सांग.”

“खाली यावंसंच वाटेना,” ती हळूच म्हणाली. “फक्त पट्टे खांद्यावरून सारखे घसरत होते. तुमच्या मापाने शिवलेत ना.”

दांडेकरांनी इंजिन उतरवून घेतलं. एक पट्टा तिच्या खांद्यावर धरून पाहिला, खिशातला चाकू काढला आणि जास्तीचा भाग कापून टाकला.

“अहो, हे काय! मग तुम्हाला कसा बसेल?”

“घरी गेल्यावर तुझ्याच मापाने शिवू,” दांडेकर म्हणाले. “वळ जरा. दुसरा खांदा दे.”