कलम एकशे चौदा

"अकरा... बारा... तेरा," टिपणराव मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटले आणि तेवढ्यात ताईंचा डावा अंगठा एकदाचा हिरव्या बटणावर टेकला. टीव्हीच्या कोपऱ्यात प्रश्नाची पाटी होती, ती गेली आणि तिथे 'उत्तर मिळाले. बरोबर!' अशी अक्षरं उमटली. ताईंनी भावाकडे असं पाहिलं, जणू काही टीव्ही त्यांच्याच मालकीचा आहे.

"अहो, परीक्षा घेताय का त्यांची?" स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "घड्याळ कसलं लावताय?"

"काही नाही गं, सहज."

सहज कसलं! आठवडाभर चाललं होतं हे. रोज संध्याकाळी सहा वाजता तो प्रश्नांचा कार्यक्रम लागायचा. प्रश्न, चार उत्तरं, आणि रिमोटवर त्या चार उत्तरांची चार रंगीत बटणं. सोमवारी ताईंना नऊ सेकंद लागले होते, बुधवारी सतरा. सहाच्या आत एकदाही नाही. टिपणराव घड्याळ लावून बसत होते ते त्या सहाच्या आकड्यापायी.

ताई त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा टिपणराव सहा वर्षांचे होते, आणि पुढचं सगळं ताईंनीच केलं. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. दिवसभर कानाला यंत्र लावून बोलायचं आणि घरी येऊन उरलेलं बोलायचं. शेजारणी म्हणायच्या, ताईंना गप्प करायचं तर लाइनच तोडावी लागेल. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत. माणसं भेटायला यायची, मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायची आणि त्यांनी मान हलवायच्या आधीच पुढचा प्रश्न विचारायची. हल्ली ती माणसंही येत नव्हती. ताईंच्या उत्तरासाठी थांबायचा तो एकटा टीव्हीचा डबा, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. बटण दाबेपर्यंत त्याची पाटी हलत नसे.

आणि आता तोच डबा बदलणार होता.

टीव्हीच्या धंद्यातल्या कंपन्यांचा एक संघ होता, तिथे टिपणराव बैठकांचं इतिवृत्त लिहीत. बावीस वर्षं तेच काम, म्हणून तर हे नाव पडलं. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. प्रत्येक कंपनीचा डबा वेगळा, बटणांची भाषा वेगळी, एकीच्या रिमोटला दुसरीचा डबा भीक घालत नाही. वाहिन्यांना एकच कार्यक्रम पाच प्रकारांनी बनवावा लागे. म्हणून सगळ्यांनी मिळून एकच मानक ठरवायचं, असा घाट तीन वर्षं चालला होता. दोनशे बारा कलमं. एकदा ती मंजूर झाली, की वर्षभरात जुने डबे बंद, घरोघरी नवे.

गेल्या बैठकीत कलम एकशे चौदा आलं होतं. प्रेक्षकाने बटण दाबलं नाही, तर पाटी सहा सेकंदांनी आपोआप जाईल.

"सहासुद्धा खूप झाले," रिमोट बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर म्हणाला होता. "आमच्या ऑफिसातल्या पोरांनी दोन सेकंदांत दाबून दाखवलं."

"पाटी रेंगाळली तर जाहिरात झाकली जाते हो," वाहिनीच्या बाईंनी पुस्ती जोडली होती.

दोन मिनिटांत कलम पुढे सरकलं. टिपणरावांनी ते आपल्या सुबक अक्षरात लिहून घेतलं आणि घरी येऊन घड्याळ लावलं.

संघाची एक पद्धत होती. हात वर करून मतं मोजायची नाहीत. शेवटी इतिवृत्त मोठ्याने वाचायचं आणि अध्यक्षांनी तीनदा विचारायचं, "हरकत?" कुणी बोललं नाही, की मंजूर. टिपणरावांना बैठकीत बोलायचा अधिकार नव्हता. वाचताना लिखाणातली चूक सापडली तर तेवढी सांगायची, बस. बावीस वर्षांत त्यांनी तेही कधी केलं नव्हतं, कारण त्यांच्या लिखाणात चूक नसायचीच.

शेवटच्या बैठकीच्या दिवशी सकाळी ते कागद पुढ्यात घेऊन बसले. सहाच्या जागी दुसरा आकडा घालायला कितीसा वेळ लागतो? कुत्रंसुद्धा विचारणार नव्हतं. पण पेन टेकवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात चोख केली होती. त्यांनी पेनाला टोपण घातलं.

दुपारी चार वाजता वाचन सुरू झालं. वाचन कोण ऐकतंय! निम्मे लोक बॅगा भरत होते, कुणाचं विमान होतं, कुणाची टॅक्सी खाली उभी होती. इंजिनीअर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. अध्यक्षांना चहाची तल्लफ आलेली. टिपणराव एकसुरी आवाजात वाचत एकशे चौदावर आले आणि थांबले.  पाण्याचा घोट घेतला.

"कलम एकशे चौदा," ते म्हणाले. "यात एक चूक राहिली आहे. सहा सेकंद पुरत नाहीत. सहाऐवजी वीस करावेत. सूचना इतिवृत्त लिहिणाऱ्याची."

स्पष्ट म्हणाले. नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले. 

"हरकत?" अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले.

बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"हरकत?"

वाहिनीच्या बाई शेजारणीला पत्ता सांगत होत्या.

"हरकत? नाही. मंजूर. पुढे चला, टिपणराव, जरा भराभर."

टिपणरावांनी भराभर वाचलं. सहीचा कागद फिरला, सगळ्यांनी सह्या ठोकल्या. घरी जाताना आपला थांबा गेला हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा बस दोन थांबे पुढे गेली होती.

चार महिन्यांनी अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छापील मानक उघडं होतं.

"हे वीस कुणी घातले?"

"मी, साहेब. वाचून दाखवलं होतं. तुम्ही तीनदा विचारलंत."

"काहीतरीच काय! मी कसा..."

टिपणरावांनी बैठकीचं रेकॉर्डिंग लावलं. अध्यक्षांनी स्वतःचा आवाज तीनदा ऐकला, बॅगेच्या चेनसकट. मग ते उठून खिडकीशी गेले.

"कारखाने डबे बनवून मोकळे झाले आहेत. आता बदलायचं म्हणजे पुन्हा सगळा गोतावळा गोळा करा. आणि मी त्यांना सांगू काय? की आमच्यापैकी कुणीच ऐकत नव्हतं?" ते वळले. "अहो, पण का? तुमचा काय संबंध?"

"घरी बहीण आहे, साहेब. तिला वेळ लागतो. आणि ती एकटीच नसणार ना अशी."

अध्यक्षांचा आवाज जरा खाली आला, पण निर्णय ठरलेला होता. "पुढच्या बैठकीपासून तुम्ही नको. आवक-जावक विभाग बघा. तिथे साडेचारला सुटी होते."

"बरं," टिपणराव म्हणाले. आपलं पेन त्यांनी बैठकीच्या खोलीतून स्वतः जाऊन आणलं. खुर्चीसमोर आता एकटा टेपरेकॉर्डर उरला होता. त्याचं त्यांना वाईट वाटलं, अगदी रडू यावं इतकं.

आवक-जावकमध्ये रुळायला वेळ लागला नाही. पाकिटांवर शिक्के मारायचे, यात रुळायचं काय? एका संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मेकॅनिक नवा डबा बसवत होता.

"काका, एक सांगतो," वायर खोचत तो म्हणाला, "यात पाटी फार वेळ राहते. लोक वैतागतात. कुठल्या शहाण्याने ठरवलं कोण जाणे."

"असेल कुणीतरी," टिपणराव म्हणाले. बायकोने तोंडाला पदर लावला.

सहा वाजले. पाटी आली. ताईंच्या डोळ्यांत भीती होती, नव्या रिमोटवर अंगठा चाचपडत होता. टिपणरावांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. ताईंनी एकदा चुकीच्या बटणाकडे अंगठा नेला, मागे घेतला, दम खाल्ला आणि पिवळं दाबलं. 'उत्तर मिळाले. चूक!' ताई खळखळून हसल्या. त्या झटक्यानंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने. मेकॅनिकही हसला आणि पिशवी उचलून गेला.

दुसरा प्रश्न आला. ताईंनी रिमोट भावाच्या मांडीवर ठेवला आणि मानेने खूण केली. आता तू.

"मी? अगं, मला काय कळतंय त्यातलं!"

ताईंनी पुन्हा खूण केली, मोठ्या बहिणीची, ऐकावीच लागणारी.

टिपणरावांनी प्रश्न वाचला. एका नदीबद्दल होता. उत्तर लाल असावं असं वाटलं, मग निळं वाटलं. जन्मभर दुसऱ्यांची उत्तरं लिहून घेतली होती. आपलं द्यायची वेळ आली, तर अंगठा दोन बटणांमध्ये नुसता फिरत राहिला. ताई काही बोलू शकत नव्हत्या, नाहीतर त्यांनी घाई केली असती. त्या नुसत्या बघत बसल्या. टिपणरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वर पाहिलं.

पाटी अजून होती.