न खाल्लेल्या डोनटची साखर

जूनमधल्या त्या सोमवारी सकाळी सनीव्हेलमधल्या लॉइड हॅगस्ट्रॉमच्या गराजमध्ये तीसेक माणसं एका आमंत्रणपत्रिकेकडे टक लावून बसली होती.

पत्रिका फोन आणि घड्याळं बनवणाऱ्या कंपनीच्या वार्षिक संमेलनाची. तिच्यावर फिकट निळी तीन वर्तुळं आणि खाली तारीख, एवढंच. पण ती पडद्यावर भिंतीएवढी केली होती आणि मार्गो बेटनकूर लेझरचा ठिपका फिरवत तिचा अर्थ सांगत होती.

"मधल्या वर्तुळाची कड बघा. किंचित लालसर आहे की नाही?"

"आहे, आहे!"

"मग ही लाली रक्ताची नाही तर कशाची?"

"मार्गो, गेल्या वर्षी तू पिवळ्या ठिपक्यावरून घडीचा फोन येणार म्हणाली होतीस," मागून ड्वेन टॅन ओरडला.

"येणारच होता. आयत्या वेळी काढला."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"तोही काढला. ड्वेन, तू इथे ऐकायला आलायस की खायला?"

"खायला," ड्वेन म्हणाला आणि त्याने तिसरा डोनट उचलला.

कंपनीचं हे संमेलन प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी असतं. आमच्या गराजमध्ये प्रोग्रॅम लिहिणारा एकही नव्हता. पण दर जूनमध्ये ही मंडळी इथे जमायची, दहा वाजता सुरू होणारं भाषण मोठ्या पडद्यावर बघायची आणि दुपारी लॉइड अंगणातल्या शेगडीवर मांस भाजून सगळ्यांना वाढायचा. वर्षाचा सण होता तो.

यंदाची आशा मोठी होती. कंपनीचं घड्याळ सुई न टोचता रक्तातली साखर सांगणार! ही अफवा दर वसंतात फुलते आणि जूनमध्ये गळून पडते. यंदा मात्र लोक तिला अफवा म्हणायला तयार नव्हते. कारण ग्रेडन पाइक.

पाइक हा आतल्या बातम्या फोडणारा. 'सातवी खिडकी' या नावाने तो इंटरनेटवर भाकितं करायचा. त्याचं एक भाकीत खरं ठरलं की ते वर्षभर मिरवायचं, आणि बाकीची चाळीस त्याच रात्री पुसून टाकायची, ही त्याची विद्या. यंदा त्याने भाकिताच्या पुढची पायरी गाठली होती. कंपनीच्या प्रयोगशाळेतून निसटलेलं साखर मोजणारं ॲप आपल्याला मिळालंय, असं सांगून त्याने ते आपल्या वर्गणीदारांना वाटलं होतं. जुन्याच घड्याळावर चालायचं ते.

ते वापरण्याचा पहिला मान लॉइडचा. लॉइड चौसष्ट वर्षांचा. उभा जन्म कारखान्यात साचे आणि अवजारं बनवण्यात गेलेला. एकोणिसाव्या वर्षापासून मधुमेह. शरीरात इन्सुलिन मुळीच तयार होत नाही, असा. टोचून टोचून त्याच्या बोटांची टोकं टणक झाली होती. दंडावर चिकटवायची साखर मोजणारी चकती त्याने एकदा वापरून बघितली होती, पण तिच्या गोंदाने कातडी सोलवटली. अशा माणसाला कोणी सांगितलं की यापुढे सुई नको, तर तो विश्वास ठेवणार नाही तर काय करील?

मी त्याच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहते. भौतिकशास्त्र शिकले, प्रकाशाचे सेन्सर तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मी लॉइडला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "घड्याळातला हिरवा दिवा कातडीत जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर शिरतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून ठोके मोजता येतात. साखर वाढली म्हणून रक्ताचा रंग बदलत नाही. मग त्या दिव्याला साखर कळते कशी?"

"इनेस," तो म्हणाला होता, "तुला कळत नाही म्हणजे त्यांनाही कळत नाही, असं नसतं."

एवढ्यात पाइक आला. पांढरे बूट, काळा शर्ट, हातात गोडमिट्ट कॅरामल कॉफीचा बादलीएवढा ग्लास. टाळ्या झाल्या.

"मित्रांनो," तो म्हणाला, "आज सुई मरणार!"

पुन्हा टाळ्या.

"हे ॲप साखर मोजत नाही. मोजणं ही जुनी कल्पना. हे ॲप तुम्हाला ओळखतं. आधी तुम्ही त्याला बोट टोचून तीन आकडे दिलेत ना? त्यावरून ते तुमचं रक्त शिकलं. आता तुम्ही फक्त काय खाल्लं आणि किती इन्सुलिन घेतलं, तेवढं सांगत राहा. आणि मध्येच बोट टोचून पडताळू नका. तुम्ही संशय घेतलात की त्याचं शिक्षण बिघडतं."

"संशयाने यंत्र बिघडतं?" मी विचारलं.

पाइक हसला. मोठ्या माणसांना लहानांचं कौतुक वाटतं, तसं. "मॅडम, तुमच्या पुस्तकात हे अजून आलेलं नाही."

सगळे हसले. लॉइडही हसला. त्याचं रक्त तपासायचं मीटर महिनाभर कामाच्या बाकाच्या खणात पडून होतं.

भाषणाआधी दोन डोनट खायचे, हा लॉइडचा दर वर्षीचा नेम. त्याने बशीत दोन काढून घेतले, बाकावर ठेवले आणि पाइकने शिकवल्याप्रमाणे आधी ॲपला सांगितलं: दोन डोनट. बघता बघता आकडा चढला. दोनशे चव्वेचाळीस.

"बघ इनेस! साखर चढताना दिसते मला!" पोरासारखा आनंद झाला होता त्याला. त्याने पाठ वळवून पोटात इन्सुलिनचं पेन टोचलं, तेही ॲपला सांगितलं.

तेवढ्यात पाइकने हाक मारली, "लॉइड, इकडे ये, लोकांना मनगट दाखव!" आणि लॉइड मनगट उंच धरून रांगेतून फिरू लागला. लोक त्या आकड्याचे फोटो काढत होते. एकीने घड्याळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. चेष्टेत, असं ती नंतर म्हणाली.

दिवे मालवले. भाषण सुरू झालं. पडद्यावर एक हसरा माणूस काचेच्या इमारतीतून चालत नवीन चिन्हांचे कोपरे किती गोल झालेत ते सांगत होता आणि गराजमध्ये त्या कोपऱ्यांना शिट्ट्या पडत होत्या.

बऱ्याच वेळाने मार्गोने मला कोपर मारलं. "लॉइडकडे बघ गं. बिचारा भारावलाय."

पहिल्या रांगेत लॉइडच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात थरथरत होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. तो स्वतःशीच काही पुटपुटत होता. चार-पाच जण त्याचा व्हिडिओ काढत होते. पाइकही काढत होता.

मी पुढे झाले. "लॉइड, काय होतंय?"

"निळा," तो म्हणाला. "निळा फार छान केलाय त्यांनी."

"मी कोण आहे, सांगा बघू."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओळख नव्हती त्या डोळ्यांत.

घड्याळावर आकडा होता एकशे अठरा आणि शेजारी हिरवं पान. म्हणजे सगळं उत्तम. मी बाकाकडे बघितलं. बशीत दोन डोनट होते. अख्खे. एकालाही दात लागलेला नव्हता.

ॲपने न खाल्लेल्या डोनटची साखर दाखवली होती आणि लॉइडने त्या साखरेवर खरं इन्सुलिन घेतलं होतं.

खणातून मीटर काढलं, त्याचं बोट टोचलं. अडतीस! मेंदूला पुरेशी साखर मिळत नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या मधुमेहात कित्येकांचं शरीर धोक्याची सूचना द्यायचंही विसरतं. लॉइडचं विसरलं होतं.

"साखर हवी! सोडा द्या कोणीतरी!"

फ्रिजमध्ये सोड्याचे चोवीस कॅन होते. सगळे बिनसाखरेचे. यजमानाला मधुमेह म्हणून पाहुण्यांनी आठवणीने आणलेले.

मी पाइकच्या हातातला ग्लास ओढून घेतला.

"अहो, ते माझं आहे!"

"ड्वेन, ॲम्ब्युलन्स बोलाव!"

"बोलावतो, बोलावतो," ड्वेन फोनशी झटत म्हणाला.

"जरा खाली बसा ना," मागून कोणीतरी ओरडलं. "आरोग्याचा भाग सुरू होतोय!"

मी लॉइडला घोट घोट कॉफी पाजत होते. त्याला गिळता येत होतं, हे नशीब. पडद्यावर एका बाईने घड्याळ घातलेला हात वर केला आणि गराजमध्ये चिडीचूप झालं. लॉइडसाठी नव्हे. बाई म्हणाली, घड्याळ आता तुमच्या झोपेला नाव देणार. शांत झोप, तुटक झोप, ढगाळ झोप. मग ती गेली आणि घड्याळाच्या पट्ट्यांचे नवे रंग आले.

"काढलं," मार्गो कुजबुजली. "आयत्या वेळी काढलं."

ॲम्ब्युलन्सवाले आले. त्यांनी स्वतःच्या मीटरवर तपासलं. कॉफीनंतरही सत्तावन्न. त्यांनी साखरेचं जेल दिलं, पुन्हा तपासलं, ब्याण्णव. दवाखान्यात चला म्हणाले. लॉइड नाही म्हणाला, सही केली, पांघरूण लपेटून खुर्चीत बसला. आता त्याला माणसं ओळखू येत होती. पहिला प्रश्न त्याने विचारला, "आलं का?"

"सप्टेंबरात," पाइक तत्परतेने म्हणाला. "माझ्या माणसाने आत्ताच कळवलं. सुई विकणाऱ्यांनी दबाव आणला."

"आणि अडतीसचं काय?" मी विचारलं.

"मीटरच्या पट्ट्या जुन्या असतील."

"त्यांचं मीटर तर नवं होतं."

"सगळी मीटरं सुई विकणाऱ्यांचीच ना, मॅडम?"

दोन-तीन माना डोलल्या. मी लॉइडकडे वळले. "कारखान्यात माप घ्यायचं नवीन गेज आलं की तुम्ही आधी काय करायचात?"

 तो म्हणाला, "माप माहीत असलेल्या ठोकळ्यावर लावून बघायचो. गेज खोटं असलं तर सगळा माल वाया."

"हे तपासलंत?"

 त्याने घड्याळ मनगटावरून काढलं, आकडे दाबून त्याचं कुलूप उघडलं आणि माझ्या हातात दिलं. "बांध."

शेगडीशेजारच्या परातीत दुपारचं मांस मीठ-मिरी लावून ठेवलं होतं. मी घड्याळ त्या गार तुकड्याला बांधलं. एकशे एकवीस. हिरवं पान.

"ड्वेन, याला काय खायला देऊ या?"

"पॅनकेक," ड्वेन म्हणाला. "पाकासकट."

मी ॲपला सांगितलं: पॅनकेक, पाकासकट. लोक उठून भोवती जमले. एकशे पन्नास. एकशे नव्वद. दोनशे बारा. मेलेल्या गाईची साखर वाढत होती. मग मी सांगितलं: इन्सुलिन घेतलं. आकडा शहाण्यासारखा उतरू लागला.

"पण मांसात रक्त असतंच ना थोडं," मार्गो म्हणाली.

"व्हाइसला बांध," लॉइड खुर्चीतून म्हणाला. आवाज बारीक होता.

बाकावर त्याचा जुना व्हाइस होता, काम घट्ट पकडायचा ओतीव लोखंडाचा शिकंजा. मी त्याच्या दांड्याला घड्याळ आवळलं. लोखंडाची साखर एकशे सोळा निघाली. लोखंडाने दोन डोनट खाल्ले आणि ती दोनशे चाळीसवर गेली.

"यात मोजणं कुठेच नाही," मी म्हटलं. "तुम्ही दिलेल्या तीन आकड्यांची सरासरी हा पाया. खाल्लं म्हणालात की त्यात भर, इन्सुलिन म्हणालात की वजाबाकी, आणि खरं वाटावं म्हणून दोन-चारचा चढउतार. मनगट असलं काय, नसलं काय. तुम्ही सांगितलेलंच ते तुम्हाला परत सांगतं. म्हणूनच पडताळायची बंदी. लॉइडने डोनट खाल्ले असते तर थाप खपून गेली असती. खाल्ले नाहीत म्हणून मरायला टेकला."

 पाइकने फोन खिशात टाकला, बाकावरचा आपला रिकामा ग्लास उचलला आणि तो निघून गेला. मला वाटलं, संपलं.

"इनेस," मार्गो हळूच म्हणाली, "पण रक्तात लोह असतंच की."

मी व्हाइसचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. तो शे-दोनशे लोकांनी बघितला. त्याच रात्री पाइकनेही एक टाकला. घामाघूम, थरथरता, रडणारा लॉइड आणि खाली ओळ: 'आपण का वाट बघतो, ते यांना विचारा.' तो लाखोंनी बघितला. ॲपसाठी आता प्रतीक्षायादी आहे म्हणे.

लॉइड पुन्हा बोट टोचतो. झाला प्रकार कळल्यावर डॉक्टरांनी नियमाप्रमाणे तो सरकारला कळवला आणि त्याचा गाडी चालवायचा परवाना तूर्त काढून घेतला गेला. औषधाच्या दुकानात आता मी त्याला नेते. परवा वाटेत त्याने विचारलं, "सप्टेंबरात खरंच येईल का गं?"

"आलं तर आधी काय करायचं?" मी विचारलं.

"व्हाइसला बांधायचं," तो म्हणाला.

वाचणाऱ्यांना माझंही एवढंच सांगणं आहे. उद्या कदाचित कोणी सुईशिवाय साखर मोजणारं खरं यंत्र शोधून काढील. ते खरं असेल तर तपासण्याने बिघडणार नाही. तपासू नका, संशय घेऊ नका, असं जो म्हणतो, त्याचं यंत्र तिथेच खोटं ठरलं. एखादं यंत्र तुमच्या प्राणाचा आकडा सांगतं म्हणालं, तर मनगटावर बांधण्याआधी ते लोखंडावर बांधून बघा. लोखंड ठणठणीत आहे असं ते म्हणालं, तर काढून ठेवा आणि बोट टोचा. दुखेल. पण आकडा तुमचा असेल.